मालक वारल्यावर गाडी नावावर करायची आहे? आधी ३० दिवस मोजा

एकच गाडी, तिच्यावर फायनान्सचे हप्ते आणि मालक स्वतःच ड्रायव्हर. रावेर-सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे जाणारे, जळगावातून डाळ किंवा पाइप उचलणारे, धुळ्याहून सुरतेच्या फेऱ्या मारणारे कितीतरी गाडीवाले असेच आहेत. असा माणूस गेला की गंधमुक्ती, म्हणजे दिवसकार्य, होईपर्यंत घरचे कागदांना हात लावत नाहीत. ते स्वाभाविक आहे. पण मुदत मृत्यूच्या तारखेपासून सुरू झालेली असते.

सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात. ‘तीन महिने मुदत आहे’ असे कोणीतरी सांगितलेले असते, आणि ते अर्धेच खरे आहे. वारलेल्या मालकाच्या नोंदणीवर आणि परमिटवर तीन महिने गाडी चालवता येते, पण मालक वारल्याचे आणि गाडी आपण चालवणार असल्याचे ३० दिवसांच्या आत लेखी कळवले असेल तरच. परमिटसाठी हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ८२ मध्ये आहे, नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम ५६ मध्ये. म्हणून पत्रे दोन लिहा, एक नोंदणी प्राधिकाऱ्याला आणि एक परमिट देणाऱ्या प्राधिकरणाला. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्या तीन महिन्यांत परमिटचीच मुदत संपत असेल तर त्या तारखेनंतर ते वापरता येत नाही, हेही तपासा.

नोंदणीसाठी नमुना ३१ तीन महिन्यांच्या आत भरायचा. सोबत आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र), विमा, मृत्यू दाखला आणि फी. थकीत कर आणि ई-चलान आधी भरून टाका. परमिट नावावर करण्याचा अर्ज वेगळा, मुदत तीच. उशीर झाला आणि कारण सबळ असले तर परमिटचा अर्ज प्राधिकरण घेऊ शकते, पण घेईलच असे धरून चालू नका.

कळकळीने सांगतो, नमुना २९ आणि ३० भरू नका. ते विक्रीचे आहेत, त्यावर विकणाऱ्याची सही लागते. ‘मागची तारीख टाकू, सही करून घेऊ’ असे म्हणणारा एजंट भेटला तर तिथून उठा. वारलेल्या माणसाची सही करणे हा गुन्हा आहे, आणि त्यात अडकते घरची बाई.

मृत्यू दाखल्याचा घोळ आपल्या गाडीवाल्यांच्या घरांत जास्त होतो, कारण मरण रस्त्यात येते. मृत्यू जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे नोंद होते. मध्य प्रदेशात अपघात झाला तर आपली ग्रामपंचायत दाखला देऊ शकत नाही. नोंद २१ दिवसांत करायची. ३० दिवसांनंतर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. आरसी, आधार आणि दाखला या तिन्हींवर नाव सारखे आहे ना, हेही दाखला घेतानाच बघा.

एक वहिनी माझ्याकडे आल्या होत्या. पिशवीत दाखला, रेशन कार्ड, सातबारा, सगळे नीट घडी घालून ठेवलेले. आरसी मात्र केबिनमध्ये होती, आणि गाडी परराज्यातल्या पोलीस ठाण्यात उभी. शिवाय नवऱ्याचे सिम त्यांनी बंद केलेले, ओटीपी त्याच नंबरवर जात होता. सिम निदान काम होईपर्यंत चालू ठेवा.

वारसांचे संमतीचे प्रतिज्ञापत्र तयार करताना लोक लग्न झालेल्या मुली आणि मृताची आई यांना विसरतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यात पत्नी आणि मुलांबरोबर आईही पहिल्या वर्गातली वारस आहे. सासू-सुनेचे पटत नसेल तरी सासूची सही घ्यावीच लागते. वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला आणावा लागतो. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीपुरती असते, गाडीला ती पुरत नाही.

कर्ज बाकी असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती लागते. संमती मागतानाच, कर्जावर विमा काढला होता का, हे आवर्जून विचारा. बहुतेकांना ते माहीतच नसते. गाडीचा विमा मृत्यूनंतर तीन महिने, किंवा पॉलिसी त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच चालतो, म्हणून तोही याच धावपळीत नावावर करा. मालक अपघातात गेला असेल, त्याच्याकडे चालू लायसन्स असेल आणि पॉलिसीत मालक-चालक अपघात संरक्षण घेतलेले असेल, तर १५ लाखांचा दावा वेगळा करता येतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, दावा तो नव्हे.

मालवाहतुकीच्या प्रश्नांवर बैठक झाली की डिझेल, टोल आणि चेकपोस्टवर बोलून माणसे उठतात. ३० दिवसांचा हा नियम आरटीओच्या खिडकीवर ठळक मराठीत लावायला काय हरकत आहे? फिटनेस तपासणीला गाडी आली की वारसाचे नाव नोंदले आहे का, एवढे विचारायला किती वेळ लागतो? २०२१ पासून आरसीवर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव टाकता येते, जुन्या गाडीलाही, ऑनलाइन अर्जाने. पुढची केळी भरायच्या आधी ते टाकून घ्या, आणि आरसी, परमिट, विमा, लायसन्स यांच्या झेरॉक्स घरी बायकोच्या हातात द्या.