डॉल्मेन तर आहे, पण पोर्टल टूम की वेज टूम?

आयर्लंडच्या पश्चिमेला, काउंटी क्लेअरमध्ये बरेन नावाचा चुनखडकाचा उघडाबोडका माळ आहे. तिथल्या आर ४८० रस्त्याने गेलं की दोन प्रकारची प्रागैतिहासिक थडगी एकाच फेरीत पाहून होतात: पूलनाब्रोनचं पोर्टल टूम (दाराचं थडगं) आणि ग्लेनिनशीनचं वेज टूम (पाचरीचं थडगं). दोन्ही चुनखडकाच्या फरशांची, दोन्हींचं छप्पर पुढे उंच आणि मागे उतरतं, आणि लोक दोन्हींना सरसकट डॉल्मेन, म्हणजे उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवलेलं थडगं, म्हणतात. घोळ होतो तो या उतारामुळे. म्हणून छपराकडे शेवटी बघा. आधी तोंडाचे दगड तपासा.

पोर्टल टूमच्या तोंडाशी दोन उंच शिळा दाराच्या चौकटीसारख्या समोरासमोर उभ्या असतात. पूलनाब्रोनला त्या साधारण १.८ मीटर उंच आहेत. मागची शिळा बुटकी, त्यामुळे वरची शिळा तोंडाकडे उचललेली आणि थोडी पुढे आलेली दिसते. पूलनाब्रोनची ही शिळा सुमारे ४ मीटर लांब आहे, जाडी मात्र जेमतेम ३० सेंटिमीटर. छप्पर नेहमी इतकं सडपातळ नसतं. कार्लो गावाजवळच्या ब्राउन्सहिल पोर्टल टूमला ते ग्रॅनाइटचं आहे आणि त्याचं वजन १०० टनांहून जास्त असल्याचा अंदाज आहे.

वेज टूममध्ये अशी वेगळी उठून दिसणारी चौकट नसते. दफनाची खोलीच पाचरीसारखी: मागे जाताना उंचीही कमी होते आणि रुंदीही. बरेनमध्ये बऱ्याचदा दोन्ही बाजूंना एकेक लांब फरशी उभी केलेली आणि तिची वरची कड उतरती असते. इतरत्र छपराला ओळीने अनेक शिळा लागतात. काउंटी कॉर्कमधल्या लॅबाकॅलीला तीन आहेत. पुष्कळ ठिकाणी मुख्य भिंतीबाहेर दगडांची दुसरी रांगही सापडते. ती गवतात बुडालेली असते, म्हणून थडग्याला पूर्ण चक्कर मारून जमिनीलगत पाहा.

मग होकायंत्र काढा. खोलीकडे पाठ करून तोंडाशी उभं राहा. वेज टूम असेल तर तुम्ही बहुतेक पश्चिमेकडे किंवा नैर्ऋत्येकडे बघत असाल. पोर्टल टूमचा असा पक्का नियम नाही. पुष्कळ पूर्वेकडे बघतात, पूलनाब्रोन उत्तरेकडे.

काळातही मोठं अंतर आहे. पूलनाब्रोनमधली मुख्य दफनं इ.स.पू. ३८०० ते ३२०० या नवाश्मयुगीन काळातली. वेज टूम साधारण इ.स.पू. २५०० नंतरची, म्हणजे तांबं आयर्लंडमध्ये येत होतं त्या सुमाराची. १९८५ मध्ये पूलनाब्रोनच्या चौकटीतल्या पूर्वेकडच्या शिळेला तडा गेलेला आढळला आणि दुरुस्तीआधी पुरातत्त्वज्ञ अ‍ॅन लिंच यांनी तिथे उत्खनन केलं. किमान ३३ माणसांची हाडं निघाली, तीही सुटी, एकमेकांत मिसळलेली. एका कमरेच्या हाडात शस्त्राचं टोक रुतलेलं होतं. तोंडाबाहेर मात्र एका नवजात बाळाचं कांस्ययुगातलं दफन मिळालं. एवढ्या एकाच सांगाड्यावरून काळ ठरवला असता, तर थडगं दोन हजार वर्षांनी तरुण ठरलं असतं. म्हणून आत काय सापडलं यापेक्षा बांधणी काय सांगते ते आधी धरावं.

खरी पंचाईत पडझडीत होते. चौकटीची एक शिळा कोसळून छप्पर मागे टेकलं, की पोर्टल टूम ठेंगण्या वेज टूमसारखं दिसू लागतं. अशा वेळी आडव्या पडलेल्या लांब शिळा शोधा आणि त्या उभ्या केल्या तर बाजूच्या भिंतींहून उंच ठरतील का, ते मोजा. उंच ठरल्या तर त्या बहुधा चौकटीच्याच. उलट, थडग्याभोवती मुळात रचलेली दगडरास लोकांनी कुंपणासाठी उचलून नेली, की उघडं पडलेलं वेज टूम छोट्या पोर्टल टूमसारखं भासतं. तिथे बाजूच्या फरशांची उतरती कड आणि मागे निमुळती होणारी रुंदी यांवर निकाल लागतो.

पूलनाब्रोनभोवती दिसणारी हातभर उंचीची डॉल्मेनं प्राचीन नाहीत. ती पर्यटकांनी रचलेली. तसं काही रचू नका आणि जमिनीवरचा दगड उचलू नका. सैल वाटणारा दगड मूळ दगडराशीचाही असू शकतो, आणि खोलीच्या उभ्या शिळांना खालून आधार याच राशीचा होता.