भुशाचा बोर्ड की एमडीएफ? रेडिमेड कपाट बदलायला घेण्याआधी

लातूरला मूल शिकवणीला ठेवलं की खोलीसाठी बरेचदा खोक्यातून येणारं, घरी जोडायचं टेबल-कपाट घेतलं जातं. शिकवणी संपल्यावर ते गावी येतं आणि त्याला आपलं रूप द्यावंसं वाटतं. जरूर द्या. पण वरच्या चकचकीत पापुद्र्याखाली पार्टिकल बोर्ड आहे की एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), हे आधी बघा.

मिनीफिक्सच्या, म्हणजे फळ्या एकमेकींना आवळणाऱ्या गोल खिळीच्या भोकात टॉर्च मारा. चिपा दाबून चिकटवल्यासारखं दाणेदार दिसलं तर पार्टिकल बोर्ड, म्हणजे आपला भुशाचा बोर्ड. उसाच्या चिपाडापासूनही तो बनतो. पुठ्ठ्यासारखं एकसंध, तपकिरी दिसलं तर एमडीएफ. शंका राहिली तर मागच्या बाजूला बारीक ड्रिल मारा. पहिल्यातून कण्या पडतात, दुसऱ्यातून मैद्यासारखी पूड. कारण एमडीएफ करताना लाकडाचे तंतू सुटे करून मग दाबलेले असतात.

म्हणूनच कोरीवकाम एमडीएफवरच करावं. बीबी का मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळीसारखा नमुना सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरीवकामाच्या यंत्रावर काढला तर कडा स्वच्छ येतात. भुशाच्या बोर्डाचे तिथे टवके उडतात. पण म्हणून भुशाचा बोर्ड टाकाऊ ठरत नाही. आयकिया या फर्निचर कंपनीचं १९७९ पासून चालत आलेलं बिली शेल्फ त्याचंच असतं. माझं मत विचाराल तर सांगाडा तसाच ठेवून फक्त दार एमडीएफचं कोरून घ्यावं. ते जड भरतं, तेव्हा बिजागऱ्या दणकट लावा.

स्क्रूचं मात्र नीट समजून घ्या. भुशाच्या बोर्डात एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही. भोकात फेव्हिकॉल लावून लाकडी खुंटी ठोका, वाळू द्या, मग खुंटीत स्क्रू घाला. एमडीएफचं दुखणं वेगळं: कडेतून थेट स्क्रू पिळला की फळी उभी चिरते, म्हणून आधी बारीक भोक पाडायचंच.

रंग देताना एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग पितात. त्यांना आधी सीलर, म्हणजे रंग शोषला जाऊ नये म्हणून द्यायचा थर, द्या.

पाण्याला दोन्ही सारखेच भितात. फरशी ओल्या फडक्याने पुसायच्या घरात खालची कड फुगते आणि फुगलेली पुन्हा बसत नाही. खाली दोन-तीन इंचांचे प्लास्टिकचे पाय लावा.

कोरीवकाम नकोच असेल तर भुशाच्या दारावर जुन्या हिमरू शालीचा तुकडा छान दिसतो. पापुद्रा पॉलिशपेपरने खरवडा, फेव्हिकॉलचा पातळ थर द्या, कापड मधून कडेकडे दाबत न्या आणि चारी बाजूंनी सागवानी पट्टी मारा.