काजव्यांची बेरीज

जूनचा पहिला आठवडा, भंडारदऱ्याजवळची एक वाडी, रात्रीचे साडेदहा. पडवीत बसून मी त्या संध्याकाळचे फोटो लॅपटॉपवर एकावर एक चढवत होतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते मामा मागं उभं राहून बघत होते. ऐंशी फोटो चढले आणि पडद्यावरचं सादड्याचं झाड पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी असं लगडलं की पान दिसेना. मामांनी जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "एवढे कुठं व्हते?"

नव्हतेच. प्रत्येक फोटो २० सेकंदांचा होता. ८० फोटो म्हणजे जवळजवळ २७ मिनिटं. तेवढ्या वेळात त्या झाडाभोवती जितक्या वेळा काजवे लुकलुकले, ते सगळं एका चित्रात गोळा झालं होतं. एकाच काजव्याचे शंभर ठिपकेही त्यात असतील. मामांनी विचारलं ते अगदी रास्त होतं, आणि लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढणं, शिकायला बसलेल्या कुणीही स्वतःला पहिल्यांदा तेच विचारावं: या फोटोत नेमकं काय साठलं आहे?

आपला डोळा प्रकाश फार काळ साठवत नाही. अंधारातसुद्धा तो साधारण सेकंदाच्या दहाव्या भागापुरतं गोळा करतो आणि पाटी पुसून टाकतो. कॅमेऱ्याचं शटर उघडं असेपर्यंत सेन्सर पुसत नाही. पागोळीखाली ठेवलेल्या बादल्यांसारखे त्याचे लाखो पिक्सेल प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, जमा करत राहतात. जितके जास्त जमतील तितकं चित्र स्वच्छ, आणि त्यामागे साधं गणित आहे. फोटॉन कधीच मोजून-मापून येत नाहीत. सरासरी १०० येत असतील तर त्यात दहाएकचा चढउतार असतोच, म्हणजे १० टक्के. १०,००० जमले तर चढउतार शंभराचा, म्हणजे फक्त १ टक्का. अंधारात काढलेल्या फोटोत रवाळ, वाळू सांडल्यासारखं जे दिसतं त्यात या चढउताराचा मोठा वाटा असतो. कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे जमलेला प्रकाश किती वाढवून दाखवायचा तो आकडा, वाढवून तो जात नाही. आयएसओ वाढवणं म्हणजे लाऊडस्पीकरचा आवाज वाढवण्यासारखं. गाण्याबरोबर खरखरही वाढते. खरा उपाय एकच, जास्त प्रकाश गोळा करणं. म्हणजे मोठं भिंग किंवा जास्त वेळ.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. घोळ होतो तो वस्तू हलायला लागली की.

१८३८ मध्ये छायाचित्रणाच्या आद्य जनकांपैकी एक, लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा फोटो एका खिडकीतून घेतला. गजबजलेला, घोडागाड्यांचा रस्ता, पण फोटोत तो ओसाड दिसतो. एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं. चालती माणसं आणि गाड्या एका जागी इतका थोडा वेळ होत्या की त्यांचा ठसाच उमटला नाही. अपवाद एकाचा. कोपऱ्यावर एक गृहस्थ बुटांना पॉलिश करून घेत एक पाय वर करून थांबला होता. तो उमटला, आणि पॉलिश करणाऱ्याची धूसर आकृतीही. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून आज हे अनोळखी गृहस्थ ओळखले जातात. त्यांचं कर्तृत्व एवढंच, की ते हलले नाहीत.

दागेरचा रिकामा रस्ता आणि काजव्यांनी भरलेलं झाड एकाच नियमावर चालतात. जे स्थिर आहे त्याचा प्रकाश त्याच पिक्सेलवर पडत राहतो आणि वाढत जातो. जे सरकतं ते एका पिक्सेलवर क्षणभर थांबून पुढच्यावर जातं. त्यामुळे उडत्या काजव्याचा एकेक ठिपका किती उजळ दिसणार हे शटर किती वेळ उघडं आहे यावर ठरतच नाही! ते ठरतं भिंगाच्या छिद्रावर आणि आयएसओवर. शटर दहा सेकंद ठेवा की साठ, ठिपका तेवढाच उजळ राहील. वाढेल ती ठिपक्यांची संख्या, आणि वाढेल मागच्या आकाशाचा उजेड, कारण आकाश जागेवर आहे. फार वेळ ठेवलंत तर आकाश इतकं उजळतं की काजवे त्यात बुडून जातात. हे कळायला मला दोन मोसम लागले. पहिल्या वर्षी मी चार-चार मिनिटांची एक्स्पोजर देत बसलो होतो आणि घरी आल्यावर हाती लागलं राखाडी आकाश.

म्हणून छोटी-छोटी एक्स्पोजर घेऊन नंतर ती एकत्र करतात. याला स्टॅकिंग म्हणतात. यात सॉफ्टवेअर खरं तर बेरीज करत नाही. प्रत्येक जागेसाठी सगळ्या फोटोंमधला सर्वांत उजळ पिक्सेल तेवढा उचलतं. आकाश उजळत नाही, ठिपके मात्र सगळे राहतात. मोबाइलचा नाईट मोडही बऱ्याच फोटोंचा एक फोटो करतो, फक्त तिथे सरासरीच्या अंगानं जाऊन रवाळपणा कमी करायचा असतो, आणि हाताचा थरथराट गणितानं जुळवून घेतलेला असतो.

आता ओळखायची एक खूण सांगतो. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. २७ मिनिटांत आकाश पावणेसात अंश सरकतं, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या तेरापट. तेव्हा एखाद्या फोटोत झाडावर लाखभर काजवे आणि वर तारे मात्र टिकलीसारखे गोल दिसले, तर आकाश एका फोटोतलं आणि काजवे शंभर फोटोंतले, असं खुशाल समजा. करायला माझी हरकत नाही, मीही करतो. पण एकूण वेळ न सांगता तो फोटो टाकणं मला पटत नाही. तो पाहून माणसं शे-दोनशे किलोमीटर येतात, झाड तसं दिसत नाही म्हणून वैतागतात, आणि मग टॉर्च मारून "कुठंयत, कुठंयत" सुरू होतं.

टॉर्चचं नुकसान फोटोपुरतं नाही. काजव्याचं लुकलुकणं हे लग्नाचं बोलणं आहे. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ल्युसिफरेज या विकराच्या मदतीनं ऑक्सिजनशी जुळतं आणि जवळजवळ उष्णतेशिवाय उजेड पडतो. नर उडत-उडत खुणा करतो, मादी गवतातून किंवा पानावरून उत्तर देते. आपल्या उजेडात ही उत्तरं हरवतात. शिवाय २० सेकंदांच्या फोटोत कुणी दोन सेकंद टॉर्च मारला तरी तो फोटो गेला. लागलाच तर लाल, मंद दिवा जमिनीकडे वळवून वापरावा. अंधारात पाहणाऱ्या आपल्या डोळ्यातल्या पेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही, त्यामुळे वीस-तीस मिनिटं अंधारात बसून कमावलेली नजर टिकते. फ्लॅश तर पूर्ण बंद. उजेड करून उजेडाचा फोटो येत नाही.

सामानाचं विचाराल तर सगळ्यात आधी ट्रायपॉड, आणि तो जड हवा. हलका आणलाच असेल तर मधल्या आकड्याला दगड भरलेली पिशवी लटकवा. तिचा तळ जमिनीला टेकू द्या, नाहीतर वाऱ्यावर तीच झोके घेते. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीत पाय हळूहळू रुततात, म्हणून खाली चपटे दगड ठेवावेत. ट्रायपॉडवर भिंगाचं कंपनरोधक बटण बंद करा. बटण दाबताना बोटाचा धक्का बसतो, त्यासाठी रिमोट किंवा नुसता दोन सेकंदांचा टायमर पुरतो. तीस सेकंदांहून जास्त हवं असेल तर बल्ब मोड, म्हणजे बटण धराल तेवढा वेळ शटर उघडं. हे नाव हवा भरलेला रबरी फुगा दाबून शटर उघडं धरायच्या दिवसांतलं आहे.

फोकस अंधारात आपोआप होत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एखादा ठळक तारा मोठा करून तो सगळ्यात बारीक दिसेपर्यंत भिंग हातानं फिरवायचं, आणि काजव्यांसाठी दिवस असतानाच त्या झाडावर फोकस धरून रिंगला चिकटपट्टी लावून टाकायची. भिंगावर कोरलेल्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका. जूनमधली दमट हवा हा वेगळाच शत्रू. एसी गाडीतून कॅमेरा काढला की भिंगावर वाफ धरते, गार ताकाच्या पेल्यावर धरते तशी. अर्धा तास आधी बॅग उघडून ठेवावी.

ताऱ्यांच्या रेषा नको असतील तर जुना ठोकताळा असा: ५०० ला भिंगाच्या फोकल लांबीनं भागा. २० मिलिमीटरच्या भिंगाला २५ सेकंद. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरना हे सैल पडतं. मी १५ च्या वर जात नाही. आणि रेषाच हव्या असतील तर ध्रुवाकडे तोंड करा. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितकं आपलं अक्षवृत्त. भंडारदऱ्याला साडेएकोणीस अंश, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठी. परदेशातल्या फोटोंत ताऱ्यांची चक्रं डोक्यावर असतात, आपल्याकडे ती डोंगराच्या खांद्यावर बसतात. फोटोला हे बरंच आहे. कळसूबाईच्या बाजूची रांग आयती चौकटीत येते.

धबधब्याचं तंत्र दिवसा चालतं आणि त्याला काळी काच लागते, एनडी फिल्टर. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, म्हणून दहा स्टॉपची काच प्रकाश हजारपट कमी करते: १/३० सेकंदाचा फोटो ३० सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेतो. छिद्र अगदी बारीक करूनही वेळ वाढवता येतो, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यानं, चित्र मऊ पडतं. रंधा धबधब्यावर बहुतेक जण तीस सेकंद देतात. माझ्या मते अर्धा सेकंद पुरे. त्याहून जास्त दिलं की पाण्याची धार जाते आणि भाताची पेज उरते.

आकाशासाठी मात्र वेळ कधीच जास्त होत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमधले हौशी खगोलनिरीक्षक अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी मृगातल्या तेजोमेघाचे सुमारे तासाभरापर्यंतचे फोटो घेतले, आणि दुर्बिणीला डोळा लावूनही कुणाला दिसले नव्हते असे तारे काचेवर उमटले. १९९५ च्या डिसेंबरात अवकाशातल्या हबल दुर्बिणीनं सप्तर्षींच्या दिशेला आकाशाचा एक अगदी छोटा, रिकामा वाटणारा तुकडा दहा दिवस टिपला. ३४२ फोटो एकत्र केल्यावर तिथं सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या. हेही स्टॅकिंगच, पण इथं कुणी "एवढ्या कुठं होत्या" म्हटलं तर उत्तर "होत्याच" असं आहे.

मामांना मी हबलचं सांगितलं नाही. ऐंशीचा ढीग बंद केला आणि त्यातला एकच फोटो उघडला, वीस सेकंदांचा. झाडावर मोजके ठिपके, आणि डावीकडून फांदीकडे जाणारी एक तुटक रेघ. एकाच काजव्याची, सुरुवातीला ठिपके लांब-लांब, मग जवळ-जवळ. वेग मंदावत गेला होता. आम्ही दोघांनी बोट लावून मोजले. अकरा बारीक ठिपके, आणि शेवटी एक जाड, उजळ. त्याच जागी पुन्हा पुन्हा लुकलुकल्यानं साठलेला.

"हितं बसला त्यो," मामा म्हणाले.