बालकांची खुंटलेली वाढ व पोषणावरील सरकारी खर्च (गोवा)

पाच वर्षांखालील मुलाची उंची जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांतील मध्यापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून (आकडे मध्यापासून किती पसरलेले असतात याचे माप) अधिक कमी असली, तर त्याची वाढ खुंटली आहे असे मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यात अशा मुलांचे प्रमाण चौथ्या फेरीत (२०१५–१६) २०.१ टक्के होते, ते पाचव्या फेरीत २५.८ टक्के झाले. देशाचा आकडा याच काळात ३८.४ वरून ३५.५ वर उतरला. गोव्याचा नमुना लहान असतो, त्यामुळे वाढीचा नेमका आकडा जपून वापरावा. पण दरडोई उत्पन्नात देशात आघाडीवर असलेल्या राज्यात चारातले एक मूल खुजे राहते, हे नमुन्याच्या माथी मारता येत नाही.

खर्चाचा मुख्य मार्ग म्हणजे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजेच अंगणवाडी. पूरक आहाराचा खर्च केंद्र आणि गोवा सरकार निम्मा-निम्मा उचलतात. २०१७ च्या दरांनुसार बालकामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषितासाठी १२ रुपये, तर गरोदर व स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये धरलेले होते. एक अंडे घेतले की आठातले फारसे काही उरत नाही. महागाई वाढते आणि दर वर्षानुवर्षे तेच राहतात, तेव्हा तरतूद पूर्ण खर्च होऊनही ताटातली डाळ पातळ होते.

त्याहून मोठा प्रश्न वयाचा आहे. वाढ खुंटते ती बहुतांशी गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांत. अंगणवाडीत बसून गरम जेवण जेवणारी मुले मात्र तीन ते सहा वर्षांची. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी शिधा घरी जातो आणि तो घरातल्या सगळ्यांच्या भांड्यात मिसळतो. बाळाला वरचे अन्न म्हणून दिलेली तांदळाची पातळ पेज पोट भरते, पण तिच्यात ऊर्जा थोडी. दाट नाचणीचे सत्त्व, डाळ, अंडे किंवा काटे काढलेली मासळी केव्हा नि किती द्यायची, हे घरी जाऊन सांगणाऱ्या सेविकेच्या वेळेवर खर्च करणे म्हणूनच अधिक फलदायी ठरावे. गृहआधारसारख्या योजनांतून गृहिणींच्या खात्यात पैसे जातात. त्यांचा पोषणाशी थेट धागा जोडलेला नाही.

मोजमापातही पैसा लागतो. दोन वर्षांखालील बाळाची लांबी आडवे ठेवून मोजतात, मोठ्या मुलाची उंची उभे करून. दोन्ही पद्धतींत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. बाळ पाय आखडून घेते, एकजण डोके धरतो, दुसरा गुडघे सरळ करतो. एकट्या सेविकेने घाईत भरलेला आकडा पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर चढतो आणि पुढची आखणी त्याच्यावर होते.

वास्को, वेर्णे या औद्योगिक पट्ट्यांतील परप्रांतीय मजुरांची मुले काम संपले की मुक्काम हलवतात. शिधा नोंदलेल्या लाभार्थ्यांच्या संख्येवर ठरतो. नोंद मागे राहिली, तर तेवढे महिने मूल कुठल्याच अंगणवाडीच्या हिशेबात नसते.