घरगुती व्हिडिओ कॅमेरा

घरच्या माणसांनी घरच्यांसाठी चित्रीकरण करायचा, चित्र आणि आवाज एकत्र टिपणारा छोटा कॅमेरा. मराठी घरांत त्याला सर्रास 'हँडीकॅम' म्हणतात. हे मुळात सोनी कंपनीचे १९८५ पासूनचे व्यापारी नाव. त्या वर्षीच्या व्हिडिओ-८ टेपनंतर १९९५ मध्ये मिनीडीव्ही कॅसेट आली. पुढे टेप जाऊन मेमरी कार्ड आले.

मुंबईत हौसेने कॅमेरा हाती घेणाऱ्यांचे मूळपुरुष म्हणजे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ऊर्फ सावेदादा. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे मुंबईत पहिल्यांदा दाखवली गेली. सावेदादांनी मग लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. केंब्रिजचे सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले) होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांचे १९०१ मधले स्वागतही त्यांनी टिपले. त्यांनी गोष्ट रचली नाही, समोर घडत होते ते टिपले. विमानतळावर हार घेऊन उभ्या राहणाऱ्या कुटुंबाचे चित्रीकरण याच जातीचे आहे.

खरेदीसाठी मुंबईकर फोर्टात दादाभाई नौरोजी रस्ता किंवा बोराबाजार गाठतो. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला कॅमेरा मात्र तपासून घ्यावा. तिथली टीव्हीची एनटीएससी पद्धत सेकंदाला सुमारे ३० चित्रांची, आपली पाल २५ चित्रांची. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि ६० हर्ट्झला जुळवलेल्या कॅमेऱ्यात चित्र लुकलुकते. शटर १/५० सेकंदावर ठेवले की बहुधा प्रश्न मिटतो.

पहिल्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज करून तारीख-वेळ लावावी. व्हिडिओ-८ टेपच्या जुन्या कॅमेऱ्यांत पडद्यावर दिसणारी तारीख चित्रातच छापली जाते. ती चुकली तर नातवंडांनाही चुकीचीच दिसणार.

नवशिक्याचा हात सारखा झूमच्या बटणाकडे जातो. तो आवरावा. झूम जितका जास्त तितका हाताचा कंप मोठा दिसतो; त्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. कोपरे अंगाशी घट्ट धरून एकेक दृश्य निदान दहा सेकंद स्थिर ठेवावे. मुंज असो वा बारसे, सगळा हॉल सपासप फिरवून घेतलेल्या चित्रात एकही चेहरा ओळखू येत नाही.

चाळीतल्या खोलीत उजेड एकाच बाजूने येतो. आजी गॅलरीच्या दारात उभी राहिली की कॅमेरा बाहेरच्या उजेडाला जुळवून घेतो आणि तिचा चेहरा काळा पडतो. दाराकडे पाठ आपली असावी, तिची नव्हे. आणि चित्रापेक्षाही मोलाचा आवाज. कॅमेऱ्याचा माइक जवळचा आवाज आधी घेतो, म्हणून चित्रीकरण करणाऱ्याचे "इकडे बघ गं" सर्वांत मोठे ऐकू येते. आजी ओवी म्हणत असेल तर तीन-चार फुटांवर बसावे, पंखा पाच मिनिटे बंद ठेवावा, कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्यावी आणि स्वतः गप्प राहावे. चेहऱ्याचे फोटो बहुतेक घरांत असतात. आवाज क्वचितच जपलेला असतो.

विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल आणि पाऊस, दोन्हींपासून धोका. प्लॅस्टिकच्या पिशवीला लेन्सपुरते भोक पाडून कॅमेरा आत ठेवण्याची युक्ती सोपी आणि उपयोगी. चौपाटीवर कॅसेट बदलू नये. वाळूचा एक कण टेप कायमची ओरबाडतो. पावसाळ्यात एसी खोलीतून बाहेर पडताच लेन्सवर आणि टेपवर दव धरते. म्हणून कॅमेरा आधी बंद पिशवीत ठेवून तासभर बाहेरच्या हवेला येऊ द्यावा. कपाटात त्याच्याशेजारी सिलिका जेलची पुडी हवीच, नाहीतर लेन्सला बुरशी लागते.

बुरशी जुन्या कॅसेटांनाही लागते. पांढरे ठिपके दिसणारी टेप कॅमेऱ्यात घालू नये. ती कॅमेऱ्यातले टेप वाचणारे हेड खराब करते आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लावते. अशी टेप आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. चांगल्या मिनीडीव्ही टेपा फायरवायर केबलने संगणकावर उतरवता येतात. तासाभराच्या टेपला साधारण १३ जीबी जागा लागते. वेळही पुरता तासभर जातो, कारण टेप तिच्या नेहमीच्याच वेगाने फिरते.