पणती उथळच का?

दिवाळीच्या तोंडावर कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात पणत्यांचे ढीग लागतात. आकार ठरलेला: उथळ वाटी आणि काठाला चिमटून काढलेली चोच. उत्खननांतही अशा उथळ दिवल्या सापडतात. हा आकार तेलानं ठरवला आहे.

खाण्याचं तेल पातळ रूपात पेटत नाही. जळती काडी त्यात बुडवली तर विझते. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापून त्याची वाफ झाली की ती जळते, आणि एवढी उष्णता वातीच्या टोकालाच मिळते. कापसाच्या तंतूंमधल्या फटींतून तेल तिथवर आपोआप चढतं, हेच केशाकर्षण. पण तीळ, करडई, करंज यांची तेलं रॉकेलपेक्षा कितीतरी दाट. ती फार वर चढत नाहीत. कंदिलाची टाकी ज्योतीपासून बरीच खाली चालते, पणतीत मात्र तेल ज्योतीच्या लगतच हवं. तेल उतरलं की ज्योत मंदावते. मग वात पुढे सारा, काजळी झाडा, तेल घाला. रोज संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी हे करावंच लागे, आणि उजेड मिळे जेमतेम एका मेणबत्तीएवढा. त्या उजेडात झालेल्या कामांबद्दल मला फार आदर वाटतो.

ज्योतीचा पिवळा उजेड तापून चमकणाऱ्या कार्बनच्या कणांचा असतो. न जळलेले कण चोचीवर काजळी होऊन बसतात. उत्खननात सापडलेली वाटी जेवणाची की दिव्याची, हे पुष्कळदा त्या काळ्या डागावरूनच कळतं.

भाजलेली माती सच्छिद्र असते. पणत्या आधी पाण्यात भिजवतात त्या यासाठीच: छिद्रांत पाणी भरलं की तेल कमी मुरतं. पण रोजच्या दिव्यात तेल मुरतंच, आणि त्याचे अंश शतकानुशतकं टिकू शकतात. खापराची पूड द्रावकात घोळवून ते अंश वेगळे काढता येतात. एरंडेलाच्या मेदाम्लांत (तेल ज्यांपासून बनतं त्या आम्लांत) सुमारे ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं. इतर नेहमीच्या तेलांत ते जवळजवळ नसतंच, म्हणून खापरात ते सापडलं तर तेल एरंडाचं असावं असं कळतं. इजिप्तमधल्या जुन्या दिव्यांत मोहरीच्या कुळातल्या बियांचं तेल असंच ओळखलं गेलं. नमुना घेताना खापराचा वरचा थर खरवडून टाकतात, कारण हाताळणाऱ्याच्या बोटांचा तेलकटपणाही मातीत शिरतो.

आपल्याकडच्या जास्तीत जास्त दिव्यांची अशी तपासणी व्हावी, असं मला मनापासून वाटतं. करंजाचं तेल कडू, खाण्याजोगं नाही. तिळाचं मात्र स्वयंपाकाचं. दिव्यात यांपैकी कोणतं जळत होतं हे कळलं, तर त्या घराच्या ऐपतीचाही अंदाज येईल.