कूर्चेचे विकरी विघटन

कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा, कानातला लवचीक भाग) आणि इतर संयोजी ऊतकांमधील पेशींबाहेरचा आधार विकरांच्या, म्हणजे एंझाइमांच्या, क्रियेने तुटण्याची प्रक्रिया. सांध्यातील कूर्चेत कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचे घट्ट जाळे असते आणि त्यात ॲग्रिकॅनचे, म्हणजे शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या प्रथिनाचे, प्रचंड रेणू अडकलेले असतात. ॲग्रिकॅन पाणी धरून फुगू पाहते, कोलॅजेन ते फुगणे आवरून धरते. या ओढाताणीवरच गुडघा भार पेलतो.

झिजणाऱ्या सांध्यात आधी ॲग्रिकॅन जाते. ॲग्रिकॅनेझ विकरे त्याचा मधला प्रथिनदांडा कापतात, तुकडे सांध्याच्या द्रवात वाहून जातात. हे नुकसान भरून निघू शकते. १९५६ मध्ये संशोधक लुइस टॉमस यांनी सशांना पपेन हे प्रथिने तोडणारे विकर टोचले, तेव्हा त्यांचे ताठ कान लुळे पडले, पण काही दिवसांत कूर्चेने हरवलेला भाग पुन्हा तयार केला आणि कान उभे राहिले. (कच्च्या पपईच्या चिकात असते तेच हे पपेन, मटण लवकर शिजावे म्हणून आपल्याकडे पपई लावतात ती त्याच्याच भरवशावर.)

कोलॅजेनचे तसे नाही. त्याचा तीन पदरी पीळ बहुतेक प्रथिनभंजक विकरांना दाद देत नाही. कोलॅजिनेज मात्र तो एका ठरावीक जागी कापते आणि पाऊण व पाव असे दोन तुकडे करते. शरीराच्या उष्णतेने तुकड्यांचा पीळ सुटला की जिलॅटिनेज विकरे पुढचे काम करतात. प्रौढ कूर्चेत नवे कोलॅजेन जवळजवळ बनत नाही, म्हणून हे जाळे एकदा तुटले की सांधा पूर्ववत होत नाही.

तरीही कोलॅजिनेज हे मुळात रोगाचे विकर नव्हे. जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना ते १९६२ मध्ये सापडले ते बेडकाच्या पिलाची शेपूट विरघळताना. जखम भरणे, बाळंतपणानंतर गर्भाशय आकसणे, हाडांची वाढ, सगळीकडे ते लागते. गाभ्यात जस्ताचा अणू असलेल्या मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज या कुळातले हे विकर पेशी निष्क्रिय रूपात सोडतात, आणि टिम्प नावाची चार प्रथिने या कुळाला लगाम घालतात. संधिवातात दाहाच्या संदेशांमुळे विकरांचे उत्पादन वाढते, लगाम अपुरा पडतो.

सगळ्या कुळालाच रोखणारी औषधे १९९० च्या दशकात कर्करोगासाठी तपासली गेली. ती घेणाऱ्या अनेक रुग्णांचे सांधेच दुखू आणि आखडू लागले.